पोझ्झुओलीचे तीन खांब

सिमेंटच्या गोणीवर ‘पोर्टलंड पोझोलाना’ असं छापलेलं असतं. त्यातलं पोझोलाना आलं इटलीतल्या पोझ्झुओली गावावरून. नेपल्सच्या पश्चिमेला, समुद्रात घुसलेल्या ज्वालामुखी द्वीपकल्पाच्या खांद्यावर हे गाव आहे. तिथली राख चुन्यात कालवून रोमनांनी पाण्यातही घट्ट होणारं काँक्रीट बनवलं. आपल्या गोणीतली राख बहुतेक वेळा औष्णिक वीजकेंद्रातली. नाव तेवढं तिकडचं.

पण मला वेड आहे ते तिथल्या तीन खांबांचं. सेरापिस देवाची मूर्ती सापडली म्हणून लोक त्या जागेला देऊळ समजत. निघाली रोमन मंडई! संगमरवरी खांब साधारण १२ मीटर उंच. खालचे साडेतीन मीटर गुळगुळीत, त्यावरच्या पावणेतीन मीटरची भोकांनी पार चाळण, वर पुन्हा ठीकठाक.

ही करामत लिथोफागा या शिंपल्याची. तो आम्लधर्मी स्राव सोडून संगमरवर विरघळवतो आणि आत घर करतो. गंमत अशी, की त्याचं कवचही कॅल्शियम कार्बोनेटचंच. वरच्या तपकिरी सालीमुळे ते वाचतं. हा प्राणी समुद्राच्या पाण्यातच जगतो. म्हणजे खांब तिथवर बुडाले होते, बूड गाळात होतं म्हणून वाचलं, आणि नंतर ते उभेच्या उभे वर आले. समुद्र चढला म्हणावं, तर किनाऱ्यावरची सगळीच बंदरं बुडायला हवी होती. हललेली जमीनच! भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलने १८३० साली आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात सुरुवातीलाच या खांबांचं चित्र छापलं.

गावाखाली मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, आहे. त्यातून सुटणारे वायू आणि तापलेलं पाणी खडकात कोंडलं, की जमीन तव्यावरच्या पोळीसारखी फुगते. वाफ निसटली की बसते. १९८२ ते ८४ मध्ये ती सुमारे १.८ मीटर उचलली, हजारो लोकांना घरं सोडावी लागली, पण उद्रेक झाला नाही. १५३८ मध्ये मात्र झाला, आणि आठवडाभरात ‘मोंते नुओवो’, म्हणजे नवा डोंगर, उभा राहिला. त्यामुळे ‘युरोप खाक होणार’ छापाचे व्हिडिओ बघून घाबरू नये, आणि तिथल्या भूकंपमापकांकडे दुर्लक्षही करू नये.

जवळच्या आव्हेर्नो तळ्याला रोमन लोक पाताळाचं दार मानत. वरून उडणारे पक्षी मरून पडतात अशी ख्याती. ज्वालामुखी वायूंमुळे तसं कधी घडलंही असेल. आज तिथे पाणपक्षी निवांत पोहतात, काठावर द्राक्षमळे आहेत. पलीकडे बाया गावात रोमन हवेल्यांच्या नक्षीदार फरशा समुद्रतळाशी आहेत, पाणबुडे त्या बघून येतात.

पोझ्झुओलीत उलटं चाललंय. २००५ पासून जमीन पुन्हा वर येतेय, आणि छोट्या बंदरातल्या कोळ्यांच्या होड्या चिखलात कलंडल्या आहेत.