डोमेन नेम शोधायचं असतं उजवीकडून

ब्राउझरमध्ये आपण साइटचं नाव टाकून एंटर मारतो, पण कॉम्प्युटरला नावाशी काही घेणंदेणं नसतं, त्याला हवा असतो आकड्यांचा आयपी अ‍ॅड्रेस. तो शोधून देतं डीएनएस, म्हणजे डोमेन नेम सिस्टीम, आणि मला यातलं सगळ्यात भारी काय वाटतं तर जगातल्या सगळ्या साइट्सची नावं आणि आकडे एकत्र लिहिलेली यादी कुठेच नाहीये.

पूर्वी होती. आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कच्या काळात एकच फाइल असायची, अमेरिकेतल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांची टीम ती सांभाळायची, नवीन मशीन जोडलं की त्यांना कळवायचं, ते नाव चढवणार, मग बाकीच्यांनी फाइल पुन्हा डाउनलोड करायची. मशीन्स वाढल्यावर हे कसं झेपणार? 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं आणि काम वाटून दिलं.

समजा आपल्याला एक्झाम्पल डॉट कॉम हवंय. वाचतो आपण डावीकडून, शोध मात्र उजवीकडून सुरू होतो. खरंतर कॉमच्याही पुढे अजून एक डॉट असतो, आपण तो लिहीत नाही एवढंच, तो म्हणजे रूट, सगळ्यात वरची पातळी. आपल्या वतीने विचारत फिरणाऱ्या सर्व्हरला रिझॉल्व्हर म्हणतात, तो आधी रूटला विचारतो, रूट म्हणतो मला नाही माहीत, डॉट कॉमवाल्यांकडे जा, ते म्हणतात या साइटच्या नेमसर्व्हरकडे, म्हणजे तिचा आकडा ठेवणाऱ्या सर्व्हरकडे जा, आणि तिथे एकदाचा आकडा मिळतो. म्हणजे वरच्यांना फक्त पुढे कुणाला विचारायचं तेवढंच माहीत असतं, आणि तेवढं पुरतं! रूट सर्व्हरची नावंही फक्त 13 आहेत, ए ते एम, अर्थात एकेका नावामागे जगभर पसरलेली भरपूर मशीन्स असतात.

दर वेळी एवढी फिराफिर होत नाही, कारण रिझॉल्व्हर मिळालेलं उत्तर कॅशेमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवतो. किती वेळ, ते त्या उत्तरासोबतच सेकंदांत येतं, त्याला टीटीएल म्हणतात, 86400 असेल तर पूर्ण एक दिवस. साइट नव्या सर्व्हरवर हलवली की कुणाला नवी दिसते, कुणाला जुनीच, ते यामुळेच. लोक म्हणतात बदल पसरायला वेळ लागतो, पण पसरत काहीच नसतं हो, ठिकठिकाणच्या कॅशेमधली जुनी उत्तरं आपापल्या वेळेला संपत असतात. म्हणून टीटीएल एक दिवसाचा असेल तर साइट हलवायच्या निदान एक दिवस आधी तो 300 वर, म्हणजे पाच मिनिटांवर आणायचा, हलवताना कमी करून उपयोग नाही, तोवर जुना आकडा एक दिवसाच्या मुदतीने जिकडेतिकडे जाऊन बसलेला असतो.