शंभर किलो शांतता

सप्टेंबर २०२० मध्ये रोल्स-रॉइसने नवी घोस्ट जगासमोर आणली. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स परगण्यात गुडवुड इथे तयार होणारी ही सेदान आधीच्या घोस्टची सुधारित आवृत्ती नव्हती. २००९ सालच्या गाडीतून बॉनेटवरची पंखधारी मूर्ती आणि दारात लपवलेल्या छत्र्या एवढंच नव्या गाडीत आलं, बाकी सगळं नव्याने घडवलं, असं कंपनीने सांगितलं. चर्चा झाली ती डॅशबोर्डवर चमकणाऱ्या ८५० ताऱ्यांची. मला मात्र त्या निवेदनातला एक वेगळाच तपशील फार मोलाचा वाटतो. चाचण्यांच्या काळात अभियंत्यांच्या कानांना हवेचा आवाज खटकत होता. माग काढत ते पोहोचले एसीच्या नळ्यांपर्यंत. नळ्यांच्या आतल्या भिंतींवरून वाहताना हवा जो आवाज करत होती तो त्यांना मान्य नव्हता. नळ्या काढल्या, आतून घासून गुळगुळीत केल्या आणि पुन्हा बसवल्या.

असा आवाज जवळपास प्रत्येक मोटारीत असतो. तरीही तो आपल्या कानांवर येत नाही, कारण त्याच्याहून मोठे आवाज त्याला झाकून टाकतात. ध्वनीच्या मानसशास्त्रात याला आच्छादन म्हणतात. एका ठरावीक वारंवारितेचा मोठा आवाज चालू असला की तिच्या आसपासच्या, आणि विशेषतः तिच्याहून वरच्या वारंवारितेचे बारीक आवाज आपला कान टिपूच शकत नाही. मोठा आवाज बंद केला की त्याच्या आड दडलेला पुढे येतो, तो घालवला की तिसरा. गाडी जितकी शांत होत जाते तितकी तिच्यातल्या नव्या नव्या आवाजांची यादी लांबत जाते.

डेसिबलच्या हिशेबातही हेच दिसतं. डेसिबल ही आवाजाची पातळी मोजायची लघुगणकी (लॉगरिदमिक) मोजपट्टी आहे. समजा एका गाडीत अगदी सारख्या तीव्रतेचे दहा आवाज आहेत आणि महिनोन्‌महिने खपून त्यातला एक पूर्णपणे नाहीसा केला. पातळी उतरेल फक्त अर्धा डेसिबल, आणि साधारण एक डेसिबलपेक्षा कमी फरक आपल्याला जाणवतही नाही. पाच आवाज घालवले तर पातळी तीन डेसिबलने उतरते. फरक कळतो, पण नजरेत भरावा असा नसतो. दहापैकी नऊ घालवले तर कुठे दहा डेसिबल कमी होतात, आणि तेव्हा आपला कान म्हणतो की आवाज निम्मा झाला. म्हणजे ‘निम्मी शांत’ गाडी हवी असेल तर नव्वद टक्के ध्वनिऊर्जा काढून टाकावी लागते. एसीच्या नळ्यांमागे लागण्यात हौस नव्हती, तो या गणिताचा तगादा होता.

आवाज अडवण्याचा सर्वात जुना उपाय म्हणजे वजन. ध्वनिलहर पत्र्यावर आदळते तेव्हा ती पत्र्याला हलवू पाहते. पत्रा जितका जड तितका तो कमी हलतो आणि पलीकडे कमी आवाज पाठवतो. ढोबळ नियम असा की पडद्याचं वजन दुप्पट केलं तर सुमारे सहा डेसिबलचा फायदा होतो. घोस्टचा सांगाडा आणि बाहेरची काया ॲल्युमिनियमची आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळपास एकतृतीयांश, म्हणजे सारख्याच जाडीचा पत्रा घेतला तर या नियमानुसार साधारण नऊ डेसिबलचं नुकसान आधीच पदरात पडतं. गाडी हलकी आणि ताठ व्हावी म्हणून निवडलेला हा धातू शांततेच्या बाबतीत असा महागात पडतो.

त्याची भरपाई म्हणून घोस्टमध्ये शंभर किलोंहून अधिक ध्वनिरोधक साहित्य घातलं आहे: दारांत, छतात, फरशीत, टायरांच्या आतसुद्धा. पण नुसतं वजन वाढवत राहिलो तर प्रत्येक सहा डेसिबलसाठी ते दुप्पट करावं लागेल, आणि हा व्यवहार लवकरच आतबट्ट्याचा होतो. म्हणून इथे दुहेरी भिंतीची युक्ती वापरली आहे. इंजिन आणि प्रवाशांच्या मधली भिंत आणि गाडीची फरशी दोन पदरी आहेत, आणि पदरांच्या मध्ये नमद्यासारखा मऊ थर आहे. पहिला पत्रा हलला तरी ते हलणं दुसऱ्यापर्यंत नीट पोहोचत नाही. तेवढंच वजन एका सलग पत्र्यात घातलं असतं तर त्याला हे जमलं नसतं. खिडक्यांच्या काचाही दुहेरी आहेत, मध्ये पारदर्शक थर. काच कंप पावते तेव्हा असा मधला मऊ थर ताणला जातो आणि कंपनाच्या ऊर्जेची किंचित उष्णता होऊन जाते. शिवाय सपाट मोठा पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा घुमतो, म्हणून सांगाड्याचे भाग शक्य तिथे सपाट न ठेवता वळणावळणाचे केले आहेत.

आता खरी अडचण. वजनाचा नियम उंच पट्टीच्या आवाजांवर छान चालतो, पण वारंवारिता निम्मी झाली की तेच सहा डेसिबल हातचे जातात. मऊ थरांचीही तीच गत. थराने आवाज चांगला शोषून घ्यावा असं वाटत असेल तर त्याची जाडी लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास हवी. सेकंदाला १०० कंपनांच्या आवाजाची लहर हवेत ३.४ मीटर लांब असते. चौथा हिस्सा झाला ८५ सेंटीमीटर, आणि एवढ्या जाडीचं अस्तर लावलं तर माणसं कुठे बसायची? खर्जातला घुमारा हा म्हणूनच मोटारीतला सर्वात चिवट आवाज. त्याला अडवता येत नाही, त्याच्याशी वाटाघाटी कराव्या लागतात.

घोस्टच्या डिकीची गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमारे ५०० लिटरची ही पोकळी चालत्या गाडीत अगदी खालच्या वारंवारितेचा आवाज काढत होती. पोकळीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुगते, आणि तिची स्वतःची एक वारंवारिता असते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जो सूर निघतो तो हाच. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी अशा पोकळ्यांचं गणित मांडलं: पोकळी किती मोठी, तिचं तोंड किती रुंद आणि मान किती लांब, यावर सूर ठरतो. मग उपायही त्याच गणितातून निघतो. गुडवुडच्या अभियंत्यांनी डिकीत आणखी अस्तर कोंबलं नाही, मागच्या सीटच्या पाठीमागच्या फळीखाली वाटा काढून त्या लहरींना बाहेर पडायला जागा करून दिली. आवाज कमी करण्यासाठी भोकं पाडायची! सगळ्या गाडीत मला सर्वात आवडलेला विचार हाच.

इंजिनापाशी आलं की गोष्ट शंभर वर्षं मागे जाते. चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात ४ मे १९०४ रोजी पहिल्यांदा भेटले. त्यानंतर लवकरच रॉइसने सहा सिलिंडरांचं एक इंजिन केलं आणि त्याचे क्रँकशाफ्ट, म्हणजे दट्ट्यांची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारे दांडे, तुटू लागले. कारण होतं पिळाचं कंपन. प्रत्येक स्फोटाच्या धक्क्याने लांब शाफ्ट किंचित पिळला जातो आणि सुटतो. इंजिनाचा वेग त्या पिळाच्या नैसर्गिक लयीशी जुळला की पीळ वाढत जातो आणि पोलाद थकतं. पुढच्या इंजिनात रॉइसने सिलिंडर तीन-तीनच्या दोन गटांत मांडले, शाफ्ट जाड केला आणि त्याला सात जागी आधार दिला. ही ४०/५० अश्वशक्तीची गाडी. तिच्यातली एक चंदेरी रंगाची गाडी १९०७ साली सिल्व्हर घोस्ट म्हणून नावारूपाला आली, आणि त्या वर्षीच्या विश्वासार्हता चाचणीत १४,३७१ मैल, म्हणजे २३ हजारांहून अधिक किलोमीटर धावली. नावातलं ‘भूत’ तिच्या निःशब्द चालीचं होतं.

सहा सिलिंडर एका ओळीत नीट मांडले की वर-खाली होणाऱ्या दट्ट्यांचे मुख्य धक्के एकमेकांना छेदून जातात. आजच्या घोस्टमधलं ६.७५ लिटरचं बारा सिलिंडरांचं इंजिन म्हणजे एकाच क्रँकशाफ्टवर बसवलेल्या अशा दोन ओळी. त्यात शाफ्टच्या दर ६० अंशांना एक स्फोट होतो. मिनिटाला ६०० फेरे असा वेग धरला तर सेकंदाला ६० स्फोट. चार सिलिंडरांच्या इंजिनात ते २० असतील. स्फोट जितके जवळजवळ तितका प्रत्येक धक्का लहान, आणि सूर तितका वर, जिथे वजन आणि अस्तर यांचा उपयोग होतो. शिवाय हे इंजिन १६०० फेऱ्यांवरच ८५० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतं, त्यामुळे त्याला जोरात फिरवायची वेळ क्वचितच येते.

रस्त्याचे धक्के हा वेगळा प्रांत. सेकंदाला सुमारे २० च्या खालची कंपनं कानाला ऐकू येत नाहीत, पण शरीराला कळतात. बसलेल्या माणसाला सर्वात त्रास होतो तो सेकंदाला ४ ते ८ वेळा वर-खाली होणाऱ्या हालचालीचा. पोट आणि पाठीचा कणा याच लयीत डुलतात. म्हणून आरामदायी गाडीची स्प्रिंग सेकंदाला एखाद्या आंदोलनाइतकी संथ ठेवतात. घोस्टमध्ये पुढच्या चाकांच्या सस्पेन्शनच्या वरच्या विशबोनवर, म्हणजे चाकाला धरणाऱ्या दांड्यावर, कंपनं जिरवणारा आणखी एक डॅम्पर बसवला आहे, आणि काचेमागचा कॅमेरा ताशी १०० किलोमीटरपर्यंत पुढचा रस्ता वाचून सस्पेन्शनला आधीच तयार ठेवतो.

एवढं सगळं केल्यावर जे झालं ते मला या गाडीचं सर्वात खोल विज्ञान वाटतं. कंपनीचं म्हणणं असं की आवाज जवळजवळ पूर्ण घालवला तेव्हा आत बसणं अस्वस्थ करणारं ठरू लागलं. हे पटण्याजोगं आहे. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन संशोधकांनी कानाची कोणतीही तक्रार नसलेल्या ८० माणसांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, आणि काय ऐकू येतं ते विचारलं. त्यातल्या ९४ टक्के माणसांनी गुणगुण, शीळ, घंटानाद असले काही ना काही आवाज सांगितले. खोलीत तसलं काहीच नव्हतं. बाहेरून आवाज येईनासा झाला की श्रवणयंत्रणेची आतली कुजबुज वर येते. आच्छादनाचं तत्त्व इथे स्वतःच्या शरीराला लागू होतं. अमेरिकेत रेडमंड इथे मायक्रोसॉफ्टने बांधलेल्या प्रतिध्वनीरहित खोलीत २०१५ साली उणे २०.६ डेसिबल इतकी पातळी मोजली गेली. शून्य डेसिबल म्हणजे तरुण, निरोगी कानाची सीमा. तिच्या इतकं खाली गेल्यावर माणसाला स्वतःच्या सांध्यांची हालचाल ऐकू येऊ लागते.

शिवाय डोळ्यांना वेग दिसतो, शरीराला किंचित हालचाल जाणवते आणि कान मात्र काहीच सांगत नाहीत, तेव्हा या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. घोस्टच्या अभियंत्यांनी म्हणून एक मंद सूर राहू दिला. त्याला ते कुजबुज म्हणतात. हा सूर ध्वनिवर्धकातून सोडलेला नाही. गाडीतल्या निरनिराळ्या भागांची कंपनं वेगवेगळ्या वारंवारितांवर होत होती, सीटच्या सांगाड्यांचीसुद्धा. त्यांना लहान लहान डॅम्पर लावून ती एका सुराच्या जवळ आणली. भौतिकशास्त्र याच्या बाजूने आहे: सेकंदाला ६० आणि ६३ कंपनांचे दोन सूर एकत्र आले की सेकंदाला तीनदा चढउतार होणारा ठेका तयार होतो, आणि असा डोलणारा आवाज कान सारखा टिपत राहतो. सगळं एका सुरावर स्थिर असेल तर मेंदू त्याला लवकर सरावतो आणि त्याच्याकडे लक्ष देणं सोडून देतो. तंबोरा लावणाऱ्याला हे अभ्यासाने कळतं. इथे ते ॲल्युमिनियम आणि चामड्याच्या बाबतीत करायचं होतं.

२०२३ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेल्या स्पेक्टर या पहिल्या पूर्ण विद्युत रोल्स-रॉइसने हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा केला. इंजिनच नाही म्हटल्यावर त्याचं आच्छादनही गेलं, आणि वारा व टायर एकदम पुढे आले. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. वेग दुप्पट केला की अठरा डेसिबलची भर पडते. टायरमध्ये कोंडलेली हवा सेकंदाला दोनशेच्या आसपासच्या सुरावर घुमते, तिच्यासाठी फोमचा थर कामी येतो. आणि खालच्या पट्टीतल्या त्या चिवट घुमाऱ्यासाठी या गाडीकडे घोस्टला न मिळालेली एक गोष्ट आहे. फरशीखालच्या बॅटरीचं वजन जवळपास ७०० किलो, आणि कंपनी तिला ध्वनिरोधक म्हणूनच मोजते. कमी वारंवारितेपुढे वजनाचा नियम लुळा पडतो तो परवडेल एवढं वजन घालता येत नाही म्हणून. इथे ते वजन वीज साठवायला तसंही न्यावंच लागणार होतं.