आक्षेप आला म्हणजे बंदी आली असं होत नाही

सातारा-सांगलीकडं एखाद्या वाचनालयात जरा वादात सापडलेलं पुस्तक मागून बघा, काउंटरवरून उत्तर येतं की त्याच्यावर बंदी आहे. कुणी घातली, कधी घातली, आदेश कुठाय असं विचारत गेलं की कळतं बंदी वगैरे काही नाही, कधीतरी कुणीतरी येऊन आक्षेप घेतला होता आणि तेव्हापासून पुस्तक आत ठेवलंय. या घोळाचा मला आता वीट आलाय.

बंदी काय असते ते तुम्हाला माहितीय, त्यामुळं थोडक्यात. ती सरकार घालतं. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९८. अधिसूचना काढावी लागते, तिच्यात कारणं द्यावी लागतात, मग प्रती जप्त होतात. आणि ज्याचा त्या पुस्तकाशी संबंध आहे त्याला दोन महिन्यांत हायकोर्टात जाता येतं, तिथं किमान तीन न्यायमूर्ती बसून ऐकतात. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरची राज्य सरकारची बंदी अशीच मुंबई हायकोर्टानं २००७ मध्ये रद्द केली आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम ठेवला. परदेशातून पुस्तक आणायला मनाई हा कस्टम्सचा वेगळा विषय, तो सोडा.

आता आक्षेप. वाचकाला, पालकाला नाहीतर एखाद्या संघटनेला पुस्तक खटकलं आणि त्यांनी वाचनालयाला तसं सांगितलं, एवढाच आक्षेप. सांगायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, आणि इथं बंदीच्या विरोधात बोलणारी आपल्या बाजूची मंडळी पण चुकतात, अर्ज देणाऱ्याला लगेच शत्रू ठरवून मोकळी होतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण अर्ज देणारा निदान समोर येऊन सही करून बोलतोय. पण अर्ज आला म्हणून पुस्तक रॅकवरून हलायचं कारण नाही. अमेरिकन ग्रंथालय संघटना हे दोन शब्दांत वेगळं करते, पुस्तक काढायचा किंवा त्याच्यावर बंधन आणायचा प्रयत्न झाला तर तो आक्षेप, आणि पुस्तक खरोखर काढलं तर ती बंदी. म्हणजे बघा, सरकारनं काही न करता नुसत्या वाचनालयानं काढलं तरी त्यांच्या हिशोबानं ती बंदीच.

सगळे अडखळतात ते इथंच. पुस्तक गुपचूप कपाटात गेलं की चालक म्हणतात आम्ही कुठं बंदी घातली, आणि वाचक म्हणतो सरकारनंच घातली असेल. सांगलीतल्या एका वाचनालयात मी हे डोळ्यांनी पाहिलंय, दाखल रजिस्टरमध्ये पुस्तकाचा नंबर आहे, किंमत आहे, शेऱ्याच्या रकान्यात ‘बाद’ लिहिलेलं नाही, कॉम्प्युटरवर पण दिसतंय, फक्त रॅकवर नाही. विचारलं की बाइंडिंगला गेलंय म्हणतात, आणि पुस्तक ऑफिसातल्या कुलूपबंद कपाटात. या बंदीला अधिसूचना नाही, कारण नाही, तारीख नाही, त्यामुळं दाद मागायला कागदच नाही. सरकारच्या आदेशाविरुद्ध कोर्टात उभं राहता येतं, कपाटाच्या किल्लीविरुद्ध कुठं जाणार? ज्या सातारा जिल्ह्यात २०१७ पासून भिलार हे पुस्तकांचं गाव म्हणून उभं आहे तिथं पण हे चालतं याचं मला फार वाईट वाटतं.

निर्लेखन, म्हणजे खराब-जुनी पुस्तकं रीतसर बाद करणं, मात्र यात आणू नका. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा भिजून लगदा झालेली पुस्तकं बाद करावी लागली, फाटकी-कालबाह्य पुस्तकं पण बाद होतात, त्याची यादी होते, ठराव होतो. त्यावर ओरडण्यात अर्थ नाही.

शाळेत वयाचा मुद्दा येतो आणि तो खरा आहे, चौथीच्या वर्गातल्या पुस्तकांच्या पेटीत मोठ्यांची कादंबरी नको, ही निवड झाली. पण माझ्या पोराला हे देऊ नका एवढंच पालक म्हणू शकतो, अख्ख्या शाळेच्या पोरांचं त्यानं ठरवायचं नाही.

आक्षेप आला तर तो लेखीच घ्यावा, फोनवरचा अजिबात नको. कुठलं पान खटकलं ते लिहून मागावं, वाचनालयाच्या समितीनं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं, तोवर पुस्तक रॅकवरच राहू द्यावं आणि निर्णय कारणासकट इतिवृत्तात यावा. लेस्टर अ‍ॅशहाइम या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञानं १९५३ सालीच मांडून ठेवलंय की निवड करणारा पुस्तक ठेवायला कारण शोधतो आणि सेन्सॉर करणारा ते नाकारायला, समितीत बसणाऱ्यांनी वाचताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि वाचकांनो, पुढच्या वेळी बंदी आहे असं कुणी म्हणालं तर अधिसूचनेची तारीख विचारा. नाही सांगता आली तर पुस्तकाचं नाव आणि दाखल नंबर घालून लेखी मागणी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.