पेपरवेट उलटे करून पाहावे

नाशिकला गंगेवर भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात, जुन्या कुलपांच्या आणि अडकित्त्यांच्या ढिगात, मला काचेचे एक पेपरवेट मिळाले. आत रंगीत फुलांची दाटी होती आणि त्यांतच '१८४८' हे आकडे होते, म्हणून विक्रेता ते फ्रेंच असल्याचे सांगत होता. त्याचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १८४५ ते १८६० हा फ्रान्समधील पेपरवेटांच्या बहराचा काळ होता आणि बाकारा कारखान्याच्या अनेक पेपरवेटांत 'बी' या अक्षरासह १८४८ हे साल आढळते. माझ्या पेपरवेटात 'बी' कुठेच नव्हता.

अशा फुलांच्या कामाला इटालियनमध्ये 'मिलेफिओरी', म्हणजे हजार फुले, म्हणतात. रंगीत काचेचे थर एकावर एक चढवून जाड कांडी करतात, ती तापलेली असतानाच ओढून बारीक करतात आणि तिचे तुकडे पाडतात; अळूवडीचा उंडा कुठेही कापला तरी तेच वळसे दिसतात, तशी प्रत्येक तुकड्यावर तीच नक्षी उमटते. क्लिशी या दुसऱ्या फ्रेंच कारखान्याचा गुलाब किंवा बाकाराच्या प्राण्यांच्या छायाकृती जाणकार यावरूनच ओळखतात. वरचा घुमट भिंगाचे काम करतो आणि गोलाच्या केंद्राशी असलेले फूल सुमारे दीडपट मोठे दिसते. मात्र नक्षीची नक्कल होते, सालाची तर सहज होते. १८४८ घातलेली कित्येक पेपरवेटे प्रत्यक्षात विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घडलेली आहेत.

काचेची घनता लपवणे अवघड असते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर हे पेपरवेट ४०५ ग्रॅम भरले. मग पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला आणि पेपरवेट दोऱ्याने, तळाला न टेकता, पूर्ण बुडेल असे धरले. काट्याने १६२ ग्रॅम दाखवले. हे बाजूला सरलेल्या पाण्याचे वजन आणि एक ग्रॅम पाणी एक घन सेंटिमीटर भरते, म्हणजे आकारमान १६२ घन सेंटिमीटर आणि घनता (४०५ भागिले १६२) २.५. ही साध्या सोडा-चुन्याच्या काचेची घनता आहे. बाकाराच्या शिसेयुक्त काचेची तीनच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते.

तळानेही तेच सांगितले. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या पेपरवेटाची टेकणारी कडाच झिजते आणि ओरखडे वाटेल त्या दिशांना जातात. येथे ते सारे एकाच दिशेने, पॉलिशपेपर फिरवल्यासारखे होते. पांढऱ्या कागदावर काचेत पिवळसर झाकही दिसली. ती १९३० च्या सुमाराच्या चिनी नकलांत आढळते खरी, पण नुसत्या झाकेवरून मी तसे ठरवणार नाही. तूर्त ते विजेच्या बिलांवर ठेवले आहे.