कमलबस्तीत अंधार आहे

बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे तिथलं जुनं जैन मंदिर, घेऊन मी एक शाब्दिक खेळ लिहायला बसलो. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर वर्णन येतं आणि खेळणारा हुकूम टाइप करतो. भाच्याला समोर बसवलं. बस्तीत अंधार दिसताच त्याने लिहिलं, ‘कंदील पेटव’. उत्तर आलं, ‘हे क्रियापद मला ठाऊक नाही.’ पोरगं माझ्याकडे बघायला लागलं.

मी वापरत होतो तो इन्फॉर्म नावाचा कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या मजकुरातून चालणारा खेळ बनवून देणारा प्रोग्राम. ग्रॅहम नेल्सन यांनी तो १९९३ मध्ये आणला. साध्या मजकुराच्या फाइलीत खोल्या, वस्तू, दारं लिहायची, टर्मिनलमध्ये एका ओळीचा हुकूम द्यायचा, की खेळ तयार. गंमत म्हणजे तो कुठल्याच खऱ्या संगणकासाठी नसतो. असेच शाब्दिक खेळ काढणाऱ्या इन्फोकॉम कंपनीने १९७९ मध्ये ‘झेड-मशीन’ नावाचा निव्वळ कल्पनेतला संगणक आखला. तेव्हा बाजारात दर कंपनीचा संगणक वेगळा. प्रत्येकासाठी तोच खेळ नव्याने कोण लिहिणार? त्यापेक्षा खेळ एकदाच लिहायचा आणि प्रत्येक संगणकावर झेड-मशीनचं सोंग घेणारा छोटा प्रोग्राम ठेवायचा. जागेची तर मारामारच: सुरुवातीच्या आवृत्त्यांत अख्खा खेळ १२८ किलोबाइटांत बसवायचा. म्हणून अक्षराला आठऐवजी पाचच बिट, दोन बाइटांत तीन अक्षरं. दूध आटवून कुंदा करावा तसा मजकूर आटवलेला.

एवढ्यात देवनागरी कुठली मावायला? त्यासाठी मी ग्लुल्क्स हे थोरलं कल्पित यंत्र घेतलं. तिथे शब्दकोशातल्या दर चिन्हाला चार बाइट देता येतात. पण शब्दाची पहिली नऊच चिन्हं लक्षात ठेवायची, ही सवय तिथेही आहे, आणि काना, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. ‘किल्ल्यात’ म्हणेपर्यंत नऊ भरतात. मग ‘किल्ल्यात’ आणि ‘किल्ल्यातून’ यंत्राला एकच! सेटिंग बदलून ही मर्यादा वाढवता येते, पण ते कळेपर्यंत माझी एक रात्र गेली.

भाच्याची अडचण निराळी होती. ओळीतला पहिला शब्द म्हणजे क्रियापद, असं इन्फॉर्म धरून चालतो. इंग्रजीला ते ठीक. आपलं क्रियापद बसतं शेवटी. इतर भाषांत खेळ नेणाऱ्यांसाठी मात्र एक फट ठेवलेली आहे: ओळीचा अर्थ लावण्याआधी तिच्यातले शब्द हलवू देणारं एक फंक्शन. त्यात शेवटचा शब्द उचलून पुढे ठेवला. कंदील पेटला.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा कन्नड दोस्त आला. त्याने लिहिलं, ‘कंदील हच्चु’. शब्दकोशात ‘हच्चु’ तेवढा घालावा लागला. फंक्शनला हात लावायची गरजच पडली नाही.