प्रवाळ अळंबीच्या नावामागचा इतिहास

पावसाळ्यात दाजीपूर, आंबा किंवा गगनबावड्याच्या जंगलात पालापाचोळ्यातून पोवळ्यासारखी फांद्या फुटलेली पांढुरकी अळंबी दिसली, की कोल्हापूरकर निसर्गप्रेमी तिचा फोटो काढतात आणि पुष्कळदा त्यावरूनच तिला ‘क्लॅव्हुलिना कोरॅलॉयडीस’ म्हणून मोकळे होतात. ही घाई टाळायला हवी, आणि ती का टाळायची हे या नावाचा इतिहास पाहिला की स्पष्ट होते.

जीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये ही जाती ‘क्लॅव्हेरिया’ या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) नोंदवली. पुढे दीर्घकाळ गदेच्या किंवा झुडपाच्या आकाराच्या बहुतेक अळंब्या त्याच प्रजातीत घातल्या जात, कारण वर्गीकरणाचा मुख्य आधार डोळ्यांना दिसणारा आकार हाच होता. १८८८ मध्ये जर्मन अळंबीतज्ज्ञ श्रोएटर यांनी क्लॅव्हुलिना ही स्वतंत्र प्रजाती मांडली. तिची खूण सूक्ष्मदर्शकाखालीच पटते: बीजाणू धरणाऱ्या प्रत्येक पेशीच्या टोकाला सहसा दोनच, आत वळलेली शिंगे असतात आणि प्रत्येक शिंगावर एकेक पांढरा बीजाणू असतो. नुसत्या डोळ्यांनी दिसतात ती फांद्यांची दातेरी टोके. कधी कधी दुसऱ्याच एका परजीवी बुरशीमुळे बुंध्याकडून काळवंडत गेलेल्या फांद्याही आढळतात.

सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात अनेक वर्षे काम केलेल्या कॉर्नर यांनी १९५० मध्ये या साऱ्या गटावर मोठा ग्रंथ लिहिला आणि अळंबी ज्यांची बनते त्या सूक्ष्म तंतूंच्या रचनेला वर्गीकरणात महत्त्व मिळवून दिले. भारतातील जातींवरचा अळंबीतज्ज्ञ थिंड यांचा ग्रंथ १९६१ चा. त्यानंतर डीएनएच्या अभ्यासाने जुन्या गटाची पुरती फाळणी केली. क्लॅव्हुलिना शँटरेल अळंब्यांच्या गणात (प्रजातीपेक्षा बऱ्याच मोठ्या गटात) गेली, कुजक्या लाकडावर वाढणारी आर्टोमायसिस रुसुलाच्या गणात, तर रामारिया तिसऱ्याच गणात. म्हणजे हा फांद्यांचा आकार उत्क्रांतीत एकदा नव्हे, अनेकदा स्वतंत्रपणे घडला.

शिवाय युरोप आणि उत्तर अमेरिकेत ही जाती ओक, बीच, पाइन अशा झाडांच्या मुळांशी जोडलेली असते. त्यांच्याकडून साखर घेते आणि त्यांना खनिजे पुरवते. दाजीपूरचे जंगल मात्र अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे. तेव्हा इथे दिसलेली अळंबी तीच जाती असेल असे धरून चालता येत नाही. म्हणून इथल्या नमुन्याची नोंद करताना तो मातीत होता की लाकडावर, आसपास कोणती झाडे होती, टोके कशी होती आणि कागदावर घेतलेला बीजाणूंचा ठसा पांढरा पडला की पिवळसर, एवढे तरी लिहावे. अभयारण्यातून नमुना उचलायचा तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागते.