सेल्युलोज विरघळवण्याची दोनशे वर्षांची खटपट

सेल्युलोज म्हणजे कापूस, लाकूड अशा वनस्पतींच्या तंतूंचा मुख्य घटक. ते तापवले तर वितळत नाही, त्याआधीच करपते. पाणी, अल्कोहोल, ॲसिटोन यांपैकी कशातच ते विरघळत नाही. त्यामुळे त्याचा सलग धागा किंवा पारदर्शक पापुद्रा हवा असेल, तर आधी त्याचे रासायनिक रूप बदलावे लागते आणि आकार दिल्यावर बहुधा मूळ रूप परत आणावे लागते. या पदार्थावरचे बरेचसे संशोधन याच अडचणीतून निघाले आहे, आणि गंमत म्हणजे रचना कळायच्या कितीतरी आधी कारखाने उभे राहिले.

१८१९ मध्ये रसायनज्ञ ब्राकोनो यांनी तागाच्या चिंध्यांवर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून साखर मिळवली होती. आन्सेल्म पायाँ यांनी १८३८ मध्ये निरनिराळ्या वनस्पतींमधून एकच पदार्थ वेगळा काढला आणि त्याचे घटकप्रमाण स्टार्चइतकेच असल्याचे दाखवले. दोघांचे सूत्र एकच असून गुणधर्म इतके भिन्न का, हे कोडे पुढे जवळजवळ नव्वद वर्षे टिकले.

१८४६ मध्ये शोनबाइन यांनी नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात कापूस बुडवून गनकॉटन हे स्फोटक बनवले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील फॅवरशॅमचा कारखाना स्फोटात उडाला. दोष धुण्यात होता. कापसाचा तंतू आतून पोकळ असतो. त्या पोकळीत अडकलेले आम्ल वरवरच्या धुण्याने निघत नाही. साठवणीत ते हळूहळू विघटन घडवते, त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे विघटनाचा वेग आणखी वाढवतात आणि साठा आपोआप पेट घेतो. फ्रेडरिक एबल यांनी १८६५ मध्ये काढलेला उपाय साधा होता: कागदाच्या लगद्यासारखे तंतू बारीक कुटायचे आणि मगच भरपूर पाण्याने धुवायचे. नायट्रोजन १३ टक्क्यांच्या आसपास असला तर माल स्फोटक. ११–१२ टक्क्यांचा इथर-अल्कोहोलमध्ये विरघळतो. कोलोडियन (सुकल्यावर पापुद्रा बनणारा चिकट द्राव) आणि शार्दोने यांचे कृत्रिम रेशीम या विरघळणाऱ्या प्रकारातून आले. हायट यांनी त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड हे प्लास्टिक केले. रेशमातला नायट्रेटचा अंश काढला नाही, तर ते कापड ठिणगीने भडकायचे.

टिकली ती क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांची १८९२ ची व्हिस्कोज पद्धत. लाकडाचा लगदा सुमारे १८ टक्के कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, दाबून जादा द्राव काढायचा, चुरा करून हवेत मुरू द्यायचा. या मुरण्यात ऑक्सिजन सेल्युलोज रेणूच्या लांब साखळ्या तोडतो. मुदत कमी पडली तर द्रावण इतके घट्ट होते की गाळले जात नाही. जास्त झाली तर धागा कमकुवत निघतो. मग सेल्युलोजच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा कार्बन डायसल्फाइड मिसळले की झँथेट हे सेल्युलोजचे विरघळणारे नारिंगी रूप तयार होते. ते पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवून गाळायचे, हवा काढायची, पिकू द्यायचे आणि सल्फ्युरिक आम्ल व सोडियम सल्फेटच्या कुंडात बारीक छिद्रांतून सोडायचे, की सेल्युलोजचा धागा परत मिळतो. न विरघळलेला एखादा तंतू राहिला तर छिद्र तुंबते, हवेचा बुडबुडा राहिला तर धागा तुटतो, आणि द्रावण फार पिकले तर टाकीतच गोठते. खरी किंमत मात्र कामगारांनी मोजली: कार्बन डायसल्फाइडची वाफ मज्जासंस्थेवर घात करते.

रेणूची रचना उशिरा उलगडली. १९१३ मध्ये विलश्टेटर व त्सेखमाइस्टर यांनी सुमारे ४१ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने सेल्युलोजचे जवळजवळ पूर्ण ग्लुकोज केले. तरीही रेणू लहानच असणार, असे अनेकांचे मत होते. क्ष-किरणांत तंतूच्या दिशेने दर १०.३ आँगस्ट्रॉमला (एक आँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) नमुना पुन्हा येतो, म्हणजे जेमतेम दोन ग्लुकोज. रेणू याहून मोठा कसा असेल, असा त्यांचा सवाल होता. स्टाउडिंगर १९२० पासून लांब साखळीचा आग्रह धरून होते. हॅवर्थ यांच्या प्रयोगांतून ग्लुकोज एककांमधली बीटा १-४ प्रकारची जोडणी ठरली आणि स्टार्चचे कोडेही सुटले, कारण तिथे जोडणी अल्फा असते. एकेक साखळी अनेक एकक-पेशींतून (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यांतून) आरपार जाऊ शकते, हेही हळूहळू पटले. एका जुन्या अनुभवाचाही उलगडा झाला: मर्सर यांनी १८५० मध्ये पेटंट घेतलेल्या कॉस्टिक प्रक्रियेने कापड आटते, कारण तंतू फुगून आखूड होतो आणि स्फटिकरचना बदलते. ती नुसत्या धुण्याने पूर्वपदावर येत नाही.

रचना समजल्यावरचे काम जास्त नेमके झाले. १९५० च्या दशकात बतिस्ता यांनी २.५ नॉर्मल तीव्रतेच्या हायड्रोक्लोरिक आम्लात सेल्युलोज १५ मिनिटे उकळले. विस्कळीत भाग आधी तुटतात, स्फटिकी भाग उरतो आणि साखळीची लांबी एका पातळीवर थांबते. ही पूड आज औषधाच्या गोळ्या बांधायला सर्रास वापरतात.

रूप न बदलता थेट विरघळवण्याचा मार्ग लायोसेल या धाग्याच्या पद्धतीत सापडला. त्यातील द्रावक एनएमएमओ (एन-मिथाइलमॉर्फोलिन एन-ऑक्साइड). पाणी साधारण १३ टक्क्यांच्या वर राहिले तर सेल्युलोज नीट विरघळत नाही, म्हणून गरम लगद्यातून ते निर्वातात उडवावे लागते. लोह किंवा तांब्याचा अंश असला तर हाच द्रावक उष्णता सोडत अनियंत्रितपणे विघटित होतो, म्हणून त्यात प्रोपिल गॅलेटसारखे स्थिरक घालतात.